पेटंटचे शुल्क : भरण्यापूर्वी आणि भरताना

आपल्या व्यवसायात ‘पेटंट औषध’ हा शब्द घोटाळ्याचा आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या परवान्यावर तयार होणारे ‘पेटंट अथवा प्रोप्रायटरी’ औषध म्हणजे पेटंट कायद्याखालील एकस्व नव्हे. त्यासाठी अर्ज वेगळा, शुल्कही वेगळे.

भरलेले शुल्क सहसा परत मिळत नाही; म्हणून आधी कलम ३(प) पाहावे. पारंपरिक ज्ञानास भारतात पेटंट नाही. हळदीच्या व्रणरोपण गुणावर १९९५ साली अमेरिकेत दिले गेलेले पेटंटही डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करविले. ग्रंथोक्त चूर्णाचे नाव बदलून अर्ज करणाऱ्याने पैसे वाचवावेत, हे बरे.

मीरा-भाईंदरच्या वैद्यांसाठी अँटॉप हिल येथील मुंबई पेटंट कार्यालय आहे. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्तीस १,६०० रुपये, मोठ्या कंपनीस ८,००० रुपये. भागीदारीतील लहान फार्मसीने उद्यम नोंदणीसह नमुना २८ जोडल्यास व्यक्तीचाच दर लागतो. तीस पानांपुढे दर पानास १६०, दहा दाव्यांपुढे दर दाव्यास ३२० रुपये. पाल्हाळ महाग पडतो! कागदी अर्ज किंचित महाग असून, डिमांड ड्राफ्ट ‘कंट्रोलर ऑफ पेटंट्स’ यांच्या नावे, मुंबईतील शेड्यूल्ड बँकेवरचा हवा.

एवढ्याने परीक्षण सुरू होत नाही. त्याची विनंती नमुना १८ वर स्वतंत्रपणे, व्यक्तीने ४,००० रुपये भरून करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना मुदत ३१ महिने. ती चुकल्यास अर्ज मागे घेतला असे मानले जाते.