नगरध्वजावरील अक्षरे आणि चिन्हार्थ

ध्वज हे दुरून, वाऱ्यावर हलत असताना आणि दोन्ही बाजूंनी पाहिले जाणारे चिन्ह होय. त्यावर अक्षरे लिहिली असता ती अंतरावरून वाचता येत नाहीत आणि मागील बाजूने उलटी दिसतात. याहून मूलगामी आक्षेप असा की, नगराचे नाव लिहावे लागणे ही ते चिन्ह अर्थवहनास अपुरे पडल्याची कबुलीच ठरते.

अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील पोकाटेलो हे नगर शोशोनी जमातीच्या एका प्रमुखाच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या जुन्या ध्वजावर ‘प्राउड पोकाटेलो’ हे प्रचारवाक्य स्वामित्वहक्काच्या सूचनेसह अंकित होते. २००४ साली उत्तर अमेरिकेतील ध्वजाभ्यासकांच्या संघाने १५० नगरध्वजांची पाहणी केली, तीत हा ध्वज अखेरचा ठरला. २०१५ साली रोमन मार्स यांच्या व्याख्यानातून त्याची अपकीर्ती सर्वदूर पोचली. २०१७ साली नगराने नवा ध्वज स्वीकारला. त्यावर निळ्या पटावर परिसरातील तीन पर्वतशिखरे, सर्वांत उंच शिखरावर सोनेरी दिशादर्शक आणि तळाशी पोर्टनफ नदीची रेषा आहे. अक्षर एकही नाही.

चार्ल्स पर्स याच्या वर्गीकरणानुसार ही शिखरे ‘प्रतिमा’ होत, कारण त्यांचा अर्थ सादृश्यावर आधारलेला आहे. दिशादर्शक मात्र ‘संकेत’ आहे. हे नगर दळणवळणाचे केंद्र म्हणून वाढले हे ठाऊक असणाऱ्यालाच तो उलगडतो.

तथापि सादृश्य ही यशाची अट नव्हे. शिकागोच्या १९१७ च्या ध्वजावर प्रथम दोन तांबडे तारे होते: एक १८७१ च्या अग्निप्रलयाचा, दुसरा १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाचा. १९३३ व १९३९ साली आणखी एकेकाची भर पडली. ताऱ्यात आगीसारखे काहीच नाही. हा संबंध सर्वस्वी यादृच्छिक आहे. तरीही दीर्घ वापराने तो ध्वज नागरिकांचा झाला.

यावरून असे दिसते की, रचनाकार अर्थ केवळ सुचवू शकतो. त्याला मान्यता देतो तो समाज. नवघटित शब्दाचेही असेच असते. सावरकरांनी सुचविलेला ‘महापौर’ हा शब्द रूढ झाला तो व्युत्पत्ती निर्दोष होती एवढ्यामुळे नव्हे, तर लोकांनी तो उच्चारला म्हणून. पोकाटेलोच्या ध्वजाने अक्षरांचा आधार सोडला आहे. त्याचा अर्थ यापुढे तेथील नागरिकांच्या व्यवहारातच सिद्ध व्हावयाचा आहे.