६४ ची थप्पी, १७० किलोची गाठ

माइनक्राफ्ट खेळणारं पोर घरात असेल तर एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात आली असेल. सुरुवातीला ते खाणी खोदतं, घरं बांधतं, रात्री निघणाऱ्या भुताखेतांशी लढतं. पुढे पुढे मात्र त्याचा निम्मा वेळ पेट्या उघडण्यात आणि मिटण्यात जातो. यात पोराचा दोष नाही, खेळाची रचनाच तशी आहे. स्वीडनच्या मोजांग कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये हा खेळ पूर्ण रूपात बाजारात आणला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून ती कंपनी घेतली आणि २०२३ पर्यंत खेळाच्या ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या. या खेळात माती, दगड, लाकूड, लोखंड असं जे मिळेल ते जमवायचं आणि त्यातून पुढच्या वस्तू बनवायच्या. बहुतेक वस्तूंची ६४ नगांची थप्पी एका खणात मावते. साध्या पेटीत असे २७ खण असतात, दोन पेट्या जोडल्या की ५४. म्हणजे जोडपेटीत ३,४५६ नग. आकडा भरपूर वाटतो, पण अडचण नगांची नसून प्रकारांची असते. दगडच किती तऱ्हेचे, लाकडं किती जातींची! पाच-पन्नास पेट्या झाल्या की कोणती वस्तू कुठे ठेवली हे डोक्यात ठेवणं हेच मुख्य काम होऊन बसतं.

यावरचा तोडगा खेळाच्या मूळ कंपनीने नव्हे, खेळणाऱ्यांनीच काढला. खेळात बाहेरून भर घालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला मॉड म्हणतात. ‘अप्लाइड एनर्जिस्टिक्स २’ आणि ‘रिफाइंड स्टोरेज’ हे साठवणुकीचे दोन नावाजलेले मॉड. ते संगणकावरच्या जावा आवृत्तीतच चालतात, मोबाइलवरच्या आवृत्तीत नाही. अमरावती-अकोल्यातल्या ज्या घरांत मोबाइल हाच संगणक आहे, तिथे हा दरवाजा बंद असतो. पूर्वी माइनटेस्ट नावाने ओळखला जाणारा लुआंटी हा त्याच धाटणीचा मोफत खेळ मात्र अँड्रॉइडवरही चालतो आणि त्याच्या ‘पाइपवर्क्स’ या मॉडमध्ये वस्तू आपोआप बनवणारं यंत्र आणि माल निवडून वळवणाऱ्या नळ्या आहेत. ज्याला ही कल्पना पैसे न मोजता समजून घ्यायची आहे त्याने तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

अप्लाइड एनर्जिस्टिक्समध्ये पेट्यांच्या जागी ‘सेल’ येतात. हे सेल ‘ड्राइव्ह’ नावाच्या खोक्यात बसवायचे, खोकं तारेने टर्मिनलला जोडायचं आणि वीज द्यायची. टर्मिनल उघडलं की सगळा साठा एकाच यादीत दिसतो आणि वर शोधायची चौकट असते. ‘लोखंड’ टाइप करा, नग समोर. ते कोणत्या सेलमध्ये होते हे कुणाला ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. वस्तूचं नाव आणि वस्तूची जागा यांची इथे फारकत होते. ही फारकत झाल्यावरच पुढची पायरी शक्य होते, ती म्हणजे आपोआप बनवणं. समजा पुस्तकांची ६४ कपाटं हवी आहेत. एका कपाटाला ६ फळ्या आणि ३ पुस्तकं लागतात. एका पुस्तकाला ३ कागद आणि चामड्याचा एक तुकडा, तर ३ कागदांना उसाची ३ कांडकी. (होय, या खेळात कागद उसाचा होतो. कोल्हापूरकरांनी हरखून जायला हरकत नाही.) प्रत्येक टप्प्याची कृती एकेका कोऱ्या ‘पॅटर्न’वर नोंदवून यंत्राला दिली की टर्मिनलवर फक्त ‘६४ कपाटं’ एवढीच मागणी करायची. यंत्र उलटा हिशेब मांडतं : ३८४ फळ्या, त्यासाठी ९६ ओंडके, १९२ पुस्तकं, त्यासाठी ५७६ कागद आणि १९२ चामडी तुकडे. मग साठ्यात काय आहे, काय बनवावं लागेल आणि काय कमी पडतंय हे सगळं एका पानावर दाखवतं. मंजुरी दिली की कामाला लागतं.

हे पाहणाऱ्याचा पहिला समज असा होतो की सगळी कमाल यंत्राची आहे. माझ्या मते ती यंत्राची नाही. यंत्राला वेग असतो, पण त्याच्या आधी वस्तू एकसारख्या असाव्या लागतात, आणि या सारखेपणाची किंमत मोजावीच लागते. याचा पुरावा मॉडच्या आकड्यांतच आहे. सगळ्यात लहान सेल १,०२४ बाइटचा असतो. एका बाइटमध्ये ८ नग मावतात, पण प्रत्येक नवा प्रकार आत आला की ८ बाइट नुसते त्याच्या नोंदीसाठी अडकतात, आणि ६३ पेक्षा जास्त प्रकार एका सेलमध्ये घेताच येत नाहीत. एकच प्रकार भरला तर त्यात ८,१२८ नग जातात. ६३ प्रकार भरले तर ४,१६०. सेल तोच, वीज तीच. निव्वळ वैविध्यापायी जवळजवळ निम्मी जागा गेली. त्याहून वाईट गत वापरलेल्या तलवारींची आणि कुदळींची. प्रत्येकीची झीज वेगळी, म्हणून यंत्राच्या लेखी प्रत्येक तलवार हा स्वतंत्र प्रकार. भुतांकडून मिळालेल्या साठ-सत्तर डागी तलवारी साठ्यात ओतल्या की एक सेल नगांनी नव्हे, नोंदींनी भरून जातो. म्हणून जाणते खेळाडू असला माल मुख्य साठ्यात येऊच देत नाहीत, त्याला वेगळी पेटी ठेवतात. आपोआप बनवण्यातही तीच अडचण येते. कपाटाला कुठल्याही लाकडाची फळी चालते, पण पॅटर्न ओकच्या फळीने नोंदवला असेल आणि कोठारात फक्त देवदार असेल, तर ‘पर्याय चालेल’ असं मुद्दाम सांगितल्याशिवाय यंत्र ‘फळी नाही’ म्हणून अडून बसतं. जुन्या मॉड-संचांत तर चार मॉडचं तांबं चार वेगळ्या वस्तू म्हणून यायचं. ते एकच समजावं यासाठी ‘ओअर डिक्शनरी’ नावाची सामाईक नोंदवही तयार करावी लागली. ती आली तेव्हा कुठे वेगवेगळ्या मॉडची यंत्रं एकमेकांचा माल घ्यायला लागली.

वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही. इथल्या कापसाने तो दीडशे वर्षांपूर्वीच सोडवायला घेतला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली आणि त्याच दशकात मुंबईहून नागपूरकडे निघालेली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून गेली. लिव्हरपूलच्या सौद्यांत या भागाचा माल ‘उमरा’ या एका नावाने विकला जाई. हे नाव अमरावतीवरून पडलेलं. पण त्या नावाच्या गाठीत दर्यापूरचा कापूस आहे की अकोटचा, हे खरेदीदाराला कळत नसे आणि त्याला ते नकोही होतं. त्याला हवी होती ठरलेल्या प्रतीची गाठ, एकीच्या जागी दुसरी ठेवली तरी फरक न पडणारी. मालाचा दर्जा आणि मालाचं गाव यांची फारकत तिथे झाली होती. ती विश्वासाने चालावी म्हणून नियम आले. १८८६ मध्ये कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. मापाडी आणि अडते परवान्याचे असावेत, बाजारावर समितीची देखरेख असावी, हा या व्यवस्थेचा गाभा. माप सारखं नसेल तर माल सारखा म्हणता येत नाही, हे त्यामागचं साधं कारण. आजही आपली गाठ साधारण १७० किलोची धरतात. कापसात रुई तिसऱ्या हिश्शाच्या आसपास निघते, म्हणजे एका गाठीमागे जवळपास पाच क्विंटल कापूस. खेळातला ६४ चा आकडा जे काम करतो तेच हा १७० चा आकडा करतो.

उरलेला दोन-तृतीयांश भाग म्हणजे सरकी, आणि इथे खेळ व जिनिंग यांची गाठ आणखी घट्ट पडते. माइनक्राफ्टमध्ये केक करायला दुधाच्या तीन बादल्या लागतात. केक तयार झाला की तीन रिकाम्या बादल्या परत मिळतात. साध्या कृतीत यंत्र त्या सांभाळतं. पण भट्टीसारख्या बाहेरच्या यंत्रातून मुख्य मालाबरोबर जोडमाल निघत असेल आणि त्याला जायला वाट दिली नसेल, तर यंत्राचा बाहेरचा खण त्या जोडमालाने भरतो आणि सगळी साखळी ठप्प होते. नवशिक्या खेळाडूला वाटतं, कच्चा माल संपला. खरं तर नको असलेला माल साचलेला असतो. जिनिंगवाल्याला हे सांगावं लागत नाही. रुई प्रेसमध्ये जाते, सरकी तेलघाणीत, तेल निघाल्यावर ढेप जनावरांच्या दावणीला. ढेपेचा भाव पडला की सरकीचा पडतो आणि सरकीचा पडला की हर्रासात कापसाचाही. साखळीचं शेवटचं टोक तुंबलं तरी पहिलं टोक थांबतं, हे इथला बाजार भावातून दाखवतो आणि खेळ बंद पडलेल्या यंत्रातून.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सगळं यंत्रच बनवणार असेल तर खेळायचं काय? हाताने जमवण्यात आणि घडवण्यातच या खेळाची गंमत आहे, ती या मॉडनी मारली. आक्षेप अगदीच खोटा नाही. कृती दाखवणाऱ्या मॉडमधून एका टिचकीसरशी पॅटर्न भरून घेणारा खेळाडू फारसं काही शिकत नाही. पण हाताने कपाटं बनवणारा तरी काय शिकतो? तो एकेक पुस्तक बनवत जातो, ऊस संपला की ऊस तोडायला जातो. ६४ कपाटांना ५७६ कांडकी लागणार हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. यंत्राला शिकवणाऱ्याला मात्र कृती मुळापर्यंत उलगडून मांडावी लागते, आणि मधला एक पॅटर्न राहिला तरी ‘कमी’ अशी नोंद झळकून ते उघडं पडतं. शिवाय खेळाच्या मूळ कर्त्यांनीही जून २०२४ च्या १.२१ या आवृत्तीत आपोआप वस्तू बनवणारा ‘क्राफ्टर’ कुठल्याही मॉडशिवाय खेळात आणला. स्वयंचलन खेळाच्या स्वभावाविरुद्ध आहे असं त्यांना वाटलं असतं, तर ते त्यांनी आणलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. खेळातला साठा खोटा आहे, असं तो म्हणतो. तिथे काही कुजत नाही, भिजत नाही, उंदीर लागत नाही, तोलात मारलं जात नाही. लोखंडाची प्रत्येक वीट जन्मतःच दुसरीसारखी असते. हे कबूलच करायला हवं, आणि इथेच खेळ सगळ्यात महाग पायरी लपवतो. कापूस जन्मतः सारखा नसतो. पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र कापूस वेगळा, फरदडीचा कवडी लागलेला वेगळा. भारतीय कापूस महामंडळाच्या म्हणजे सीसीआयच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो, ८ ते १२ मध्ये असेल तर त्या प्रमाणात कपात होते आणि १२ च्या वर माल घेतलाच जात नाही. सारखेपणा इथे मोजून तयार करावा लागतो, आणि मोजणीचा भुर्दंड बहुधा गाडी घेऊन आलेल्यावर पडतो. राज्य सरकारने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली तेव्हा राज्यातल्या सगळ्या कापसाचं एकच कोठार करण्याचा तो प्रयत्न होता. तिथेही प्रतवारी हा व्यवहाराचा कणा होता, कारण शेतकऱ्याच्या हातात किती पडणार हे ग्रेडरच्या नजरेवर ठरायचं. म्हणून खेळ पाहून कोठार चालवायला शिकावं असं म्हणता येणार नाही. पण त्या डागी तलवारी आठवा. सारखेपणा फुकट मिळत नाही अशी खेळातली ती जागा, आणि नेमका तिथेच साठा अडतो. हा आक्षेप माझ्या मुद्द्याला खोडत नाही, उलट पुरावा देतो.

अलीकडच्या वर्षांत सीसीआयच्या गाठींवर क्यूआर कोड येऊ लागला आहे, आणि ‘कस्तुरी कॉटन भारत’ या नाममुद्रेखालच्या गाठींचाही असाच माग ठेवला जातो. कापूस कुठे खरेदी झाला, कोणत्या कारखान्यात गाठ बांधली, प्रत काय, हे तो कोड वाचून कळतं. लिव्हरपूलला जे नको होतं ते आजचा परदेशी खरेदीदार मागून घेतो आहे. मॉडच्या हिशेबाने पाहिलं तर प्रत्येक गाठ वेगळी करणं म्हणजे प्रत्येक गाठीची डागी तलवार करणं. कोठार नोंदींनीच तुंबायला हवं. ते तुंबत नाही, कारण वेगळेपण गाठीला चिकटवलेलं नाही. गाठीवर असतो फक्त क्रमांक, बाकी सगळं नोंदवहीत. कोठारात ती इतर गाठींसारखीच रचली जाते. मॉडमध्ये अशी सोय नाही, तलवारीची झीज तलवारीबरोबरच साठ्यात शिरते. पण या कोडलाही मर्यादा आहे. जिनिंगच्या आवारात अनेक गाड्यांचा कापूस एकाच गंजीत पडतो आणि गाठ त्या गंजीतून बांधली जाते, त्यामुळे त्यातली रुई कुठल्या शेतातली हे कोडवरून सांगता येत नाही. ते सांगायचं तर गंज्या शेतवार वेगळ्या ठेवाव्या लागतील, आणि हंगामात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली असताना तेवढी मोकळी जागा कोणत्याही आवारात सापडत नाही.