कानाशी पाचशेऐंशी व्होल्ट

कानापासून बोटभर अंतरावर ५८० व्होल्ट ठेवून गाणं ऐकायचं म्हटलं की पुष्कळांचा रस तिथंच संपतो. बोर्डातल्या २३० व्होल्टलाही आपण मुलांना हात लावू देत नाही, आणि हे तर त्याच्या अडीच पट! तरीही गेली साठ-पासष्ट वर्षं असे हेडफोन बनताहेत, विकले जाताहेत आणि त्यांना चालवणारे ॲम्प्लिफायर घरच्या टेबलावर जुळवणारी माणसंही आहेत. कोयना खोऱ्यातल्या पाटणसारख्या गावात बसून हा सगळा प्रवास मागं वळून पाहताना मला हेडफोनपेक्षा ॲम्प्लिफायरचीच गोष्ट जास्त रंगतदार वाटते. हेडफोन कंपन्यांनी केले. त्यांना पुरून उरतील असे ॲम्प्लिफायर मात्र बऱ्याच अंशी हौशी लोकांच्या हातून घडले.

हे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन म्हणजे काय ते आधी सांगतो. साध्या हेडफोनात लोहचुंबक असतो, तारेची गुंडाळी असते आणि तिला चिकटलेला पडदा असतो. गुंडाळी हलते, पडद्याला हलवते. इथं गुंडाळीच नाही. एक-दोन मायक्रॉन जाडीची प्लास्टिकची फिल्म दोन सच्छिद्र धातूच्या पत्र्यांमध्ये ताणलेली असते. दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट. फिल्मवर कायमचा विद्युतभार, आणि पत्र्यांवर गाण्याचा सिग्नल, एकावर सुलटा तर दुसऱ्यावर उलटा. एक पत्रा ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो, आणि फिल्म सगळ्या अंगानं एकदम हलते. वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे सूर सुरू व्हायलाही उशीर नाही आणि थांबायलाही.

अडचण आहे ती व्होल्टेजची. स्पीकरला करंट भरपूर लागतो आणि व्होल्ट बेताचे. इथं उलटं. आमच्या लोकांना हे समजायला कोयनेचा दाखला पुरे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून पोफळीच्या वीजघरात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडतात. वीज मिळते ती त्या उंचीमुळे. इलेक्ट्रोस्टॅटिकला अशीच उंची लागते. आकड्यात सांगायचं तर केबलसकट अशा हेडफोनचा कपॅसिटन्स ११० पिकोफॅरडच्या आसपास भरतो. म्हणजे १० हजार हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे १४५ हजार ओहम. २० हजार हर्ट्झला ३०० व्होल्ट द्यायचे ठरवले, तरी करंट फक्त चारेक मिलिॲम्पिअर. ऐकायला सोपं वाटतं. पण मंद सुरापासून अगदी बारीक सुरापर्यंत, न अडखळता शेकडो व्होल्ट वर-खाली करणारा ॲम्प्लिफायर बनवणं हे वेगळंच काम आहे.

या तत्त्वाची मुळं जुनी आहेत. अमेरिकी संशोधक वेंटे यांचा कंडेन्सर मायक्रोफोन १९१७ सालचा. हेडफोन म्हणजे तोच उलटा चालवलेला. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७ साली आला आणि पातळ फिल्मवर विश्वास ठेवता येतो हे लोकांना पटलं. हेडफोन मात्र जपानचा. १९३८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे स्टॅक्स नावानं ओळखल्या गेलेल्या कंपनीनं आपला एसआर-१ हा हेडफोन १९५९ मध्ये दाखवला आणि १९६० मध्ये विकायला काढला. त्याच दशकात आमच्याकडे कोयनेचं धरण उभं राहत होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त झालं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या कॉसनं ईएसपी-६ आणला. त्याच्या कपांतच ट्रान्सफॉर्मर बसवलेले होते आणि फिल्मवरचा भार गाण्याच्या सिग्नलमधूनच उचलला जायचा. कल्पना चतुर, पण डोक्यावर ओझं!

स्टॅक्सची १९७९ ची लॅम्डा मालिका म्हणजे या इतिहासातलं मोठं वळण. तोवर फिल्मवरचा भार २३० व्होल्टचा होता, योगायोगानं आपल्या भिंतीतलाच आकडा. पुढं ऐंशीच्या दशकात तो ५८० वर गेला, सहा पिनांच्या प्लगाऐवजी पाच पिनांचा आला, आणि जुने हेडफोन नव्या सॉकेटात बसेनासे झाले. आजही जुना सेट कुणाकडून घ्यायचा तर आधी पिना मोजाव्यात. बाकी सौदा नंतर.

आपल्याकडे तेव्हा हे काही पोचण्याची शक्यता नव्हती. १९९१ पर्यंत परवान्यांचं राज्य होतं, परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणजे कुणाच्या तरी आखाती नोकरीचा प्रसाद. पण व्हॉल्व्हच्या रेडिओमुळे जुन्या दुरुस्तीवाल्यांचा हात दोन-अडीचशे व्होल्टच्या डीसीत सरावलेला होता. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह त्यांच्या ड्रॉवरात असायचे. ट्रान्झिस्टर आले, मग आयसी आले, आणि १२ व्होल्टपलीकडे हात न घालणारी पिढी तयार झाली. या छंदाला लागणारं कसब आपल्याकडे होतं आणि ते गेलं, हे मला या मागोव्यात सगळ्यात जास्त खटकतं.

१९९१ हे या हेडफोनांच्या दृष्टीनंही खास वर्ष. जर्मनीच्या सेनहायझरनं ऑर्फियस काढला, व्हॉल्व्हच्या स्वतंत्र ॲम्प्लिफायरसह, आणि मोजून ३०० सेट केले. श्रीमंतांचं खेळणं म्हणून सोडून देता येईल, पण त्यानं एक गोष्ट सिद्ध केली: हेडफोन आणि ॲम्प्लिफायर ही एकच वस्तू आहे, दोन नव्हेत. १९९५ साली स्टॅक्स बंद पडली, १९९६ मध्ये नव्या रूपात उभी राहिली आणि १९९८ मध्ये तिनं एसआर-००७ आणला. हा हेडफोन उत्तम, पण भारी भुकेला. कंपनीच्या स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर तो काहीसा मंद, जड वाटतो अशी तक्रार जगभर होत राहिली.

इथून हौशी मंडळींचा काळ सुरू होतो. २००० सालच्या आसपास अमेरिकेतल्या केव्हिन गिलमोर यांनी आपल्या ॲम्प्लिफायरची सर्किटं खुली केली. कुणीही घ्यावीत, बांधावीत. त्यातून सेमीकंडक्टरवर चालणारा केजीएसएस आला. पुढं ट्रान्झिस्टर आणि ईएल-३४ व्हॉल्व्ह यांचा मेळ घालणारा ब्लू हवाई आला. त्यानंतर जास्त व्होल्टचा केजीएसएसएचव्ही. ज्याला सोल्डरिंग येतं, धीर आहे आणि ॲल्युमिनियमचं हीटसिंक मिळतं, त्याला कारखान्याच्या मालापेक्षा दमदार ॲम्प्लिफायर करता येऊ लागला. एवढी मोकळीक फार थोड्या छंदांत दिसते.

पण सुट्या भागांनी दगा दिला. ९०० व्होल्ट सहन करणारे टूएसए१९६८सारखे ट्रान्झिस्टर मुळात पिक्चर ट्यूबच्या टीव्ही-मॉनिटरसाठी बनायचे. सपाट पडदे आले, पिक्चर ट्यूब गेली, तिच्या मागोमाग हे ट्रान्झिस्टरही गेले. उरलेल्या साठ्यावर आणि नकली मालावर काही वर्षं निघाली. मग सुटका झाली ती भलत्याच दिशेनं. सोलरच्या इन्व्हर्टरसाठी आणि विजेच्या गाड्यांच्या चार्जरसाठी सिलिकॉन कार्बाइडचे १७०० व्होल्टचे मॉसफेट जातीचे ट्रान्झिस्टर बाजारात आले. गिलमोर यांनी कार्बन नावाच्या आवृत्तीत ते वापरले. टीव्हीनं मारलं आणि सौरऊर्जेनं तारलं, असा हा हिशोब.

बांधणाऱ्याला मात्र उष्णतेचा हिशोब चुकत नाही. ॲम्प्लिफायर सतत पूर्ण जागा असावा लागतो. समजा दोन टोकांत मिळून ९०० व्होल्ट आणि प्रत्येक आउटपुट शाखेतून १६ मिलिॲम्पिअर, तर एका शाखेत १४ वॅटच्या वर उष्णता. डाव्या-उजव्या मिळून शाखा चार, म्हणजे ५८ वॅट नुसते तापण्यात. एप्रिल-मेमध्ये पाटणात पंखा लावून ऐकावं, तर पंख्याचा आवाज ऐकू येतो, कारण हे हेडफोन मागून उघडे असतात.

आमचा पावसाळा हा आणखी एक विषय. पाटण तालुक्यातल्या पाथरपुंजला २०१९ साली सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. पाटण गावात तेवढा नाही, पण दमटपणा पुरेसा. ओल धरली की फिल्मवरचा भार गळतो, एका कानाचा आवाज खाली जातो, कधी चिरचिर येते. उपाय साधा आहे: वापर झाला की हेडफोन सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात. स्टँडवर मिरवत ठेवायची वस्तू ही नव्हे. व्होल्टेजचं तर विचारूच नका. ज्या तालुक्यातल्या पाण्यावर राज्यासाठी वीज तयार होते, तिथल्या घरात संध्याकाळी दिवे मलूल होतात. म्हणून रेग्युलेटेड पॉवर सप्लाय इथं चैन नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मिरजेच्या तंबोऱ्यावरून कळतं. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी मिरजेत वाद्यं घडवायला घेतली. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढली की एका तारेतून सुरांचा जो झुबका उठतो, तो साध्या हेडफोनात एकजीव होऊन येतो. इथं तो सुटा सुटा उलगडतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, म्हणजे मिरजेत राहिलेल्या आणि १९३७ साली गेलेल्या गवयाच्या, ७८ आरपीएमच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात: खरखर आणखी स्पष्ट होते हे खरं, पण त्या खरखरीमागे आवाज वेगळा उभा राहतो. उलट हलगी-लेझीम ऐकायची असेल तर हा खर्च करू नये. छातीत घुमणारा ठोका या फिल्मला देता येत नाही, आणि देता येतो असं सांगणारा विक्रेता खोटं बोलतो.

अलीकडचा काळ झटपट सांगता येईल. २०११ मध्ये स्टॅक्स चीनच्या एडिफायरकडे गेली आणि त्याच वर्षी एसआर-००९ आला. २०१५ मध्ये सेनहायझरनं एचई-१ जाहीर केला. तेव्हाची किंमत ५० हजार युरोच्या घरात, खाली संगमरवर. त्यातला मला आवडलेला एकच भाग: व्होल्टेज चढवणारा शेवटचा टप्पा त्यांनी थेट कानाच्या कपात नेला, म्हणजे केबलच्या कपॅसिटन्समध्ये ताकद वाया जात नाही. संगमरवराचं कौतुक ज्यांना करायचं त्यांनी करावं.

आता सुरुवातीच्या त्या भीतीबद्दल. फिल्मवरचे ५८० व्होल्ट पाचेक मेगओहमच्या रेझिस्टरमधून येतात, म्हणजे एक दशांश मिलिॲम्पिअरच्या आसपास. त्यानं माणूस दगावत नाही. धोका आहे तो ॲम्प्लिफायरच्या पेटीत. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट मुक्काम करून असतात. म्हणून कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या कुणा मुलाला किंवा मुलीला हा नाद लागला, तर माझं सांगणं असं: पहिल्यांदा स्पीकरच्या साध्या ॲम्प्लिफायरला जोडायचा ट्रान्सफॉर्मरचा बॉक्स करा, स्टॅक्सचा जुना एसआरडी-७ तसाच आहे. कपॅसिटरवर उरलेला भार उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर लावल्याशिवाय स्विच चालू करू नका, मोजताना एक हात खिशात ठेवा. आणि सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायच्या आधी वायरमन बोलावून घरचं अर्थिंग तपासून घ्या.