साखळीवरची पाठशाळा

शिकवणाऱ्याला वेतन मिळावे ही गोष्ट जगाने फार पूर्वी मान्य केली. परंतु शिकणाऱ्याने सोडवलेल्या स्वाध्यायालाही मोल मिळावे, ते मोल कोणत्याही सरकारने वा विश्वस्त मंडळाने मंजूर न करता गुरूंच्या, सहाध्यायांच्या आणि अनोळखी वाचकांच्या मतांनी ठरावे, आणि पाठ, स्वाध्याय, गुण व मोबदला या सर्वांची नोंद कोणालाही खोडता येणार नाही अशा सार्वजनिक दप्तरात राहावी, ही कल्पना मात्र गेल्या दहा वर्षांतली आहे. ब्लॉकचेनवर उभारलेल्या समाजमाध्यमांवर, विशेषेकरून स्टीमिट या माध्यमावर, असे अभ्यासवर्ग वर्षानुवर्षे चालत आले आहेत. त्यांच्याविषयी बोलणारे बहुतेक जण प्रथम पैशाविषयी बोलतात, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि तेथे उघड्यावर, सर्वांच्या देखत होणारे मूल्यमापन हा शिक्षणाच्या दृष्टीने त्याहून कितीतरी मोठा विशेष आहे असे माझे मत आहे, आणि ते पटवून देण्यापूर्वी या माध्यमाची घडण थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे.

नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोघांनी मार्च २०१६ मध्ये स्टीम नावाची साखळी, म्हणजे ब्लॉकचेन, सुरू केली आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तिच्यावर उभारलेल्या स्टीमिटवरील लेखकांना पहिले मोबदले मिळाले. पेढीवरच्या रोजकीर्दीत जशी दिवसाची प्रत्येक देवघेव क्रमाने उतरवली जाते आणि मागचे पान फाडून नवे घालण्याची सोय नसते, तशीच ही साखळी आहे. भेद एवढाच, की ही कीर्द एका मुनिमाच्या ताब्यात नसून तिच्या नकला जगभरच्या अनेक संगणकांवर एकाच वेळी असतात, आणि दर तीन सेकंदांनी तिच्यात एक नवे पान जोडले जाते. पाने जोडण्याचा अखत्यार एकवीस साक्षीदारांकडे असतो. त्यांपैकी वीस जण नाणेधारकांच्या मतांनी निवडलेले असतात आणि एकविसावी जागा मागच्या फळीतील उमेदवारांना आळीपाळीने मिळते. लेख, त्यावरचे अभिप्राय, दिलेली मते आणि वाटलेली रक्कम हे सारे या कीर्दीत उतरते. चित्रे मात्र साखळीवर नसतात. ती साध्या सर्व्हरवर ठेवलेली असतात आणि साखळीवर केवळ त्यांचा पत्ता नोंदला जातो. ज्याचा पाठ आकृत्यांवर अवलंबून आहे अशा शिक्षकाने ही बाब आरंभीच ध्यानात घेतलेली बरी.

पैसा येतो कोठून, हा प्रश्न प्रत्येक सुज्ञ मनुष्य विचारतो. विद्यार्थ्याकडून शुल्क घेतले जात नाही आणि लेख वाचण्यासाठीही काही मोजावे लागत नाही. साखळी स्वतःच ठरावीक गतीने नवे नाणे निर्माण करते. ही वाढ २०१६च्या अखेरीस वर्षाला साडेनऊ टक्क्यांवर बांधली गेली आणि तेव्हापासून ती हळूहळू उतरत आहे. ऑगस्ट २०१९च्या फेरबदलानंतर या नव्या नाण्यातील ६५ टक्के हिस्सा लेखक आणि मतदाते यांच्या मोबदल्याच्या निधीत जातो, आणि प्रत्येक लेखाच्या वाट्याला येणारी रक्कम लेखक व मतदाते यांच्यात निम्मीनिम्मी वाटली जाते. मत देण्याचे वजन मात्र माणशी सारखे नाही. ज्याने आपले नाणे गुंतवून ठेवले, म्हणजे त्याचे स्टीम पॉवरमध्ये रूपांतर केले, त्याच्या मताला त्या प्रमाणात जोर येतो. एक पूर्ण मत दिले की मतशक्तीचे दोन टक्के खर्ची पडतात आणि दिवसाला वीस टक्के या गतीने ती पुन्हा भरून येते. लेख प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसांनी हिशेब पुरा होतो. याचा अर्थ असा, की विद्यार्थ्याला मिळणारा मोबदला हे कोणाचे दान नव्हे. नव्या नाण्यामुळे सर्व धारकांच्या वाट्याचे मोल थोडे थोडे पातळ होते, आणि त्या पातळ होण्यातून हा निधी उभा राहतो. ज्या अध्यापकाला आपला वर्ग फुकट चालला आहे असे वाटते, त्याने हे विसरू नये.

फेब्रुवारी २०२१ मध्ये स्टीमिटने क्रिप्टो अकादमी या नावाने एक रीतसर पाठशाळा उघडली. सभासदांतूनच जाणकार निवडून त्यांना प्राध्यापक हा हुद्दा देण्यात आला. प्रत्येकाने आठवड्याला एक पाठ लिहावा, पाठाच्या शेवटी स्वाध्याय द्यावा, आलेला प्रत्येक स्वाध्याय वाचून त्याखाली अभिप्रायासह दहापैकी गुण द्यावेत, आणि मोठी मतशक्ती असलेल्या, खास याच कामासाठी नेमलेल्या खात्याने उत्तम स्वाध्यायांना मत द्यावे, अशी ती व्यवस्था होती. विषय चलनांच्या आलेखांपासून साखळीच्या अंतर्गत रचनेपर्यंतचे होते, आणि स्वाध्यायात केवळ व्याख्या लिहून भागत नसे; आलेख स्वतः काढून, त्यावर खुणा करून, त्यांची पडद्यावरची छायाचित्रे जोडावी लागत. पुढच्या काळात हीच पद्धत पाककला, शिवणकाम, छायाचित्रण, संगणकाच्या आज्ञावली लिहिणे अशा चलनाशी काहीही संबंध नसलेल्या विषयांकडे वळली, आणि माझ्या दृष्टीने हा बदल फार स्वागतार्ह होता. कारण चलनाच्या माध्यमावर चलनाचेच शिक्षण देणे यात एक प्रकारचा कोंडमारा असतो, आणि ज्याला शर्टाची कॉलर कापायला शिकायचे आहे तो मनुष्य केवळ भाव चढला म्हणून वर्गात येत नाही.

आता त्या उघड्या मूल्यमापनाकडे वळू. आपल्या परिचयाच्या परीक्षापद्धतीत उत्तरपत्रिका परीक्षकाकडे जाते, तिच्यावर गुण पडतात आणि मग ती गोणीत बंद होते. शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याने तोच प्रश्न कसा सोडवला, परीक्षकाने त्याला अधिक गुण का दिले, आपल्या उत्तरात नेमकी उणीव कोठे राहिली, हे विद्यार्थ्याला जन्मभर कळत नाही. साखळीवरच्या वर्गात याच्या उलट घडते. एकाच स्वाध्यायाची सर्वांनी लिहिलेली उत्तरे सर्वांसमोर असतात, प्रत्येकाखाली शिक्षकाचा अभिप्राय असतो, विद्यार्थ्याने त्यावर घेतलेली हरकत असते आणि त्या हरकतीला शिक्षकाने दिलेले उत्तरही असते. पहिल्या आठवड्यात चार गुण मिळालेला विद्यार्थी नऊ गुणांचे उत्तर उघडून पाहू शकतो, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्या लेखनात झालेली सुधारणा कोणालाही दिसते. उलटपक्षी, आळसाने अभिप्राय लिहिणारा, दहा जणांखाली तेच वाक्य चिकटवणारा शिक्षकही तितकाच उघडा पडतो. लेख पुढे दुरुस्त केला तरी मूळ मजकूर साखळीत राहतो, त्यामुळे गुण मिळाल्यावर उत्तर बदलण्याची पळवाट उरत नाही. शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांवरही समाजाची नजर ठेवणारी अशी व्यवस्था औपचारिक शिक्षणात आजवर मला आढळलेली नाही, आणि विद्यापीठांनी या माध्यमाकडून काही उचलायचे असेल तर त्यांनी नाणे बाजूला ठेवून ही पद्धत उचलावी असे मी आग्रहाने म्हणेन.

नाणे बाजूला ठेवावे असे म्हणण्यास कारण आहे. शिक्षकाने दिलेले गुण आणि मतदात्यांनी दिलेले मोल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि त्या नेहमीच एकमेकींशी जुळतात असे नाही. सात गुणांच्या स्वाध्यायाला भरघोस मोबदला आणि नऊ गुणांच्या स्वाध्यायाला चिमूटभर, असे सर्रास घडू शकते, कारण मोठ्या मतशक्तीच्या खात्याची नजर कोठे पडली यावर बरेच काही ठरते. शिवाय मोबदला आहे म्हटल्यावर तो मिळवण्याच्या आडवाटाही निघतात. दुसऱ्याचा मजकूर उचलणे, शब्द फिरवून तोच मांडणे, एकाच माणसाने अनेक खाती काढणे, परस्परांना मते देण्याचे करार करणे हे प्रकार या वर्गांना आरंभापासून जडलेले आहेत, आणि २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून यंत्राकडून स्वाध्याय लिहवून घेण्याची त्यांत भर पडली. यावर शिक्षकांनी शोधलेला उपाय मला फार मार्मिक वाटतो. नवागताला पहिल्याच पायरीवर आपले खातेनाव आणि दिनांक लिहिलेला कागद हातात धरून काढलेले छायाचित्र द्यावे लागते. स्वाध्यायातही आपल्या घरातील, आपल्या गावातील, आपल्या हातून झालेल्या कामाचा पुरावा मागितला जातो. ज्याने खरोखर कणीक मळली किंवा चूक झालेली आज्ञावली दुरुस्त केली, त्याच्या वर्णनात असा काही तपशील येतो की जो उसना आणता येत नाही. अर्थात असा स्वाध्याय वाचायला शिक्षकाला वेळ लागतो, आणि मोबदल्याच्या आशेने शेकडो विद्यार्थी आले की तो वेळ पुरत नाही; म्हणून वर्ग लहान ठेवणे, किंवा चांगल्या जुन्या विद्यार्थ्यांना मदतनीस म्हणून सोबत घेणे, याखेरीज गत्यंतर नसते.

या माध्यमावरील नोंद अक्षय असते असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे आहे. पण नोंद टिकली म्हणून शाळा टिकतेच असे नाही, याचा दाखला स्टीमच्या इतिहासातच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या साखळीचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे अगदी सुरुवातीच्या काळात जमवलेला नाण्यांचा मोठा साठा होता, आणि त्याचे मतदानाचे वजन साक्षीदारांची निवड फिरवू शकेल या भीतीने तत्कालीन साक्षीदारांनी तो गोठवला. २ मार्च रोजी काही मोठ्या विनिमय बाजारांच्या खात्यांत ठेवलेल्या नाण्यांचे वजन वापरून ते साक्षीदार हटवण्यात आले. त्यावर २० मार्च २०२० रोजी असंतुष्ट सभासदांनी हाइव्ह नावाची वेगळी साखळी काढली, आणि मे महिन्यात स्टीमवर काही विरोधी धारकांची दोन कोटींहून अधिक नाणी साखळीच्या नियमांत बदल करून काढून घेण्यात आली. आता पाहण्याजोगी गोष्ट अशी, की फुटीच्या क्षणापर्यंतचा प्रत्येक लेख आणि प्रत्येक पाठ दोन्ही साखळ्यांवर जसाच्या तसा राहिला. एकही अक्षर हरवले नाही. हरवली ती माणसे. लेखक एकीकडे, वाचक दुसरीकडे, मतशक्ती तिसऱ्याच्या हाती, अशी विभागणी झाली, आणि ज्या उपक्रमांचा आधार एका मोठ्या मतदात्यावर होता त्यांना नव्याने आश्रय शोधावा लागला. साखळी मजकूर सांभाळते. वर्ग सांभाळण्याचे काम अखेर वर्गातल्या लोकांनाच करावे लागते.

हे काम भारतीय उपखंडातील एका भाषेत नीट झालेले दिसते. स्टीमिटवर ‘आमार बांग्ला ब्लॉग’ नावाचा समुदाय आहे. तेथे फक्त बंगालीत लिहायचे हा नियम आहे, आणि नवागतांसाठी त्यांची स्वतःची शाळा आहे. विद्यार्थी एकेक पायरी चढतो, पाठ ऐकतो, परीक्षा देतो, आणि त्या पायरीवर आपण काय शिकलो याविषयी स्वतःच्या शब्दांत एक लेख लिहितो; मगच त्याला पुढे प्रवेश मिळतो. खात्याच्या किल्ल्या कशा जपाव्या हा या पाठांतला आद्य विषय असतो, आणि तो तसा असणे अवश्य आहे. लिहिण्याची, पैसे हलवण्याची आणि मालकीची किल्ली येथे वेगवेगळी असते, आणि मुख्य संकेतशब्द हरवला तर तो नव्याने देणारे कोणतेही कार्यालय अस्तित्वात नाही. समुदायाचे सभासद आपली मतशक्ती समुदायाच्या खात्याला उसनी देतात, मालकी मात्र स्वतःकडेच ठेवतात. अशा रीतीने बंगाली वाचू शकणाऱ्या मंडळींच्या हाती बंगाली लेखांचे मोल ठरवण्याइतके वजन येते.

मराठीत असा वर्ग काढू इच्छिणाऱ्याने या शेवटच्या तजविजीकडे विशेष लक्ष द्यावे. मोठी मतशक्ती बाळगणाऱ्या परदेशी खात्यांना मराठी वाचता येत नाही, आणि न वाचलेल्या लेखाला त्यांनी मत द्यावे अशी अपेक्षा धरणे अयोग्य आहे. तेव्हा आधी वीसपंचवीस मराठी सभासदांची शक्ती एका खात्यावर एकवटावी, मग पाठ सुरू करावेत. विषय हाताने करता येण्याजोगा निवडावा. प्राप्तिकराची बाबही पहिल्याच पाठात सांगून टाकावी: १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर तीस टक्के कर आहे, त्यात झालेला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून अशा व्यवहारांवर एक टक्का मुळातून करकपात होते. गुंतवलेली शक्ती पुन्हा नाण्यात आणायची झाल्यास ती चार साप्ताहिक हप्त्यांनीच मोकळी होते, आणि त्या अवधीत भाव कोठल्या कोठे जाऊ शकतो. म्हणून घरखर्चाची भिस्त या मोबदल्यावर कोणी ठेवू नये, हे विद्यार्थ्यांना सांगण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे. एवढे सांगूनही जे विद्यार्थी दुसऱ्या आठवड्याला स्वाध्याय घेऊन येतील, त्यांच्याबरोबर वर्ग चालवावा.