गळाला काय लावायचं? भोपाळच्या तलावांवर आमिष निवडण्याचं सरळ गणित

अरेरा कॉलनी (भोपाळ) : रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपली की या कॉलनीतली काही मंडळी काठी, दोरी आणि कणकेचा डबा घेऊन बाहेर पडतात. कोणी कलियासोतकडे जातं, कोणी केरवा धरणाच्या दिशेने. दुपारी परतताना कोणाच्या पिशवीत दोन रोहू असतात, तर कोणाच्या डब्यात कणीक तेवढी उरलेली. दोघांची काठी सारखी, जागा सारखी, वेळही तीच. बहुतेक वेळा फरक पडतो तो आमिषाने.

1956 साली नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. त्या वेळी नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबं इकडे आली. विदर्भातल्या नदी-तलावांवर गळ टाकायची सवय काही घरांत तेव्हापासूनच आहे. मासेही फार वेगळे नाहीत. वैनगंगा सिवनी जिल्ह्यातून निघते आणि तापी मुलताईतून, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना रोहू, कटला, मृगळ, शिवडा, मरळ हेच मासे सापडतात. त्यामुळे भोपाळचा हिशेब गोंदिया, अमरावती, बऱ्हाणपूरच्या वाचकांनाही लागू पडतो.

आधी माशाचं तोंड बघा

आमिष निवडताना बहुतेक लोक 'मला काय मिळालं' इथून सुरुवात करतात. खरी सुरुवात माशाच्या तोंडापासून करायला हवी.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं. तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. त्याच्यासाठी आमिष तळाला पडून राहिलं तर काही उपयोग नाही, ते तरंगीच्या आधाराने वरच्या पाण्यात लटकलं पाहिजे. सत्तू किंवा ब्रेडचा भुगा घातलेला हलका, पाण्यात हळूहळू सुटणारा गोळा त्याला चालतो.

रोहू मधल्या आणि खालच्या थरात फिरतो. त्याचे ओठ झालरीसारखे असून तोंड थोडं खाली वळलेलं असतं. मोठा रोहू मुख्यतः वनस्पतीजन्य खाणं खातो, म्हणून कणीक, बेसन, पेंड यांचा गोळा त्याला आवडतो. मृगळ अगदी तळाला चरतो, त्याचं आमिष तळाला टेकलेलंच हवं. कॉमन कार्पला उकडलेले मक्याचे दाणे चालतात, गांडूळही चालतं.

या सगळ्या माशांच्या जबड्यात दात नसतात, असतात ते घशात. ते आमिष आधी ओढून घेतात आणि कडक किंवा विचित्र लागलं तर लगेच थुंकतात. म्हणून त्यांच्यासाठी गोळा मऊ हवा.

शिवडा आणि शिंगाडा यांचं उलट आहे. हे मिशीवाले, मांसाहारी मासे. गढूळ पाण्यात किंवा रात्री ते डोळ्यांपेक्षा वासावर आणि मिशांवर जास्त विसंबतात. त्यांना कोंबडीची काळीज-आतडी, कोळंबी, माशाचा तुकडा किंवा जाड गांडूळ लागतं. मरळ डोळ्यांनी शिकार करतो, त्याला हालचाल दिसली पाहिजे. पूर्वी त्याच्यासाठी जिवंत बेडूक लावत. आता बाजारात रबरी बेडूक मिळतो आणि तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. डास खाणारा बेडूक तलावातच राहिलेला बरा.

कणकेचा गोळा : सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त बिघडणारा

कणीक प्रत्येक घरात असते, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच होते. बहुतेकांचा पहिला दिवस वाया जातो तोही तिच्यामुळेच, कारण गोळा पाण्यात पडताच विरघळतो आणि माणूस तासभर रिकामा गळ धरून बसतो.

साधं प्रमाण असं : दोन वाट्या कणीक, एक वाटी बेसन किंवा सत्तू, चमचाभर गूळ आणि थोडी भाजून कुटलेली बडीशेप. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळायचं आणि अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवायचं. गोळा टिकत नसेल तर मळताना कापसाचे थोडे तंतू घालायचे, ही जुनी युक्ती आहे. तंतूंमुळे गोळा गळाला धरून राहतो. थोडा मैदा घातला तरी चिकटपणा वाढतो.

तलावावर जाण्याआधी घरीच परीक्षा घ्या. बादलीत पाणी घेऊन गळाला लावलेला गोळा दहा मिनिटं बुडवून ठेवा. तो वरून मऊ झाला, पण गळावर टिकला, तर जमलं. लगेच सुटला तर पीठ कमी पडलं आणि दगडासारखा राहिला तर जास्त झालं. छोटे मासे टोचून टोचून गोळा संपवत असतील तर तो वाफवून घ्यावा. दक्षिणेत कावेरीवर महाशीरासाठी नाचणीचे शिजवलेले गोळे वापरत, ते याच कारणासाठी. मोठा मासा येईपर्यंत आमिष टिकलं पाहिजे.

बंगालकडे या गोष्टीचं शास्त्र आणखी पुढे गेलं आहे. तिथे मोहरीची पेंड, एकांगी नावाचं सुगंधी मूळ आणि मुंग्यांची अंडीसुद्धा वापरतात. भोपाळात पेंड पशुखाद्याच्या दुकानात सहज मिळते. ती रात्रभर भिजवून कणकेत मिसळली की वास पसरतो.

गांडूळ कुठे मिळतं, कसं टिकतं

सिमेंटच्या अंगणात गांडूळ मिळत नाही, हे कॉलनीतल्या जुन्या रहिवाशांना चांगलं ठाऊक आहे. अजूनही मिळतं ते रोपवाटिकेच्या ओल्या कोपऱ्यात, पालापाचोळ्याच्या खड्ड्यात आणि बागेच्या नळाखाली. माती खणण्याआधी त्या जागेवर ओलं गोणपाट एक-दोन दिवस टाकून ठेवलं की गांडुळं वर येतात. कुदळ मारायची गरज उरत नाही.

गांडूळखताच्या वाफ्यातलं छोटं लाल गांडूळ तिलापियासारख्या लहान माशांना चालतं. मात्र ते डिवचलं की पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडतं आणि गळावर फार वेळ टिकत नाही. शिवडा किंवा शिंगाड्यासाठी मातीतलं जाड गांडूळच बरं.

गांडुळं बंद प्लास्टिकच्या डब्यात आणि उन्हात ठेवली की तासाभरात मरतात. भोकं पाडलेला डबा, ओली माती, वर ओलं फडकं आणि सावली, एवढं पुरतं.

ऋतू बदलला की आमिष बदलतं

मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं आणि भूकही कमी होते. डिसेंबर-जानेवारीत मोठा गोळा लावण्यापेक्षा बोराएवढा, गोड वासाचा गोळा लावावा. थंडीत तूप-तेल गोठतं, त्यामुळे तेलकट आमिषाचा वास पाण्यात नीट पसरत नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी जावं. तेव्हा आंबवलेली कणीक, भिजवलेली पेंड यांना चांगला प्रतिसाद मिळतो.

समुद्रातही नियम हाच आहे. उत्तरेच्या थंड समुद्रात तळाला राहणारा हॅलिबट नावाचा प्रचंड चपटा मासा आहे. त्याच्यासाठी हेरिंग, सामनचे तुकडे किंवा ऑक्टोपस लावतात. हेरिंग तेलकट, म्हणून वास दूर जातो. ऑक्टोपस चिवट, म्हणून छोटे मासे तो कुरतडून संपवू शकत नाहीत. आपल्या कोकण किनाऱ्यावर हॅलिबटचा भाऊबंद म्हणजे भाकस, पण तो गळापेक्षा जाळ्यातच जास्त येतो. तलाव असो की समुद्र, आमिषाला प्रश्न दोनच : वास पोचतो का, आणि ते गळावर टिकतं का?

खरी अडचण पहिल्या पावसात

पहिला पाऊस पडला की गांडुळं आपोआप मातीबाहेर येतात. पाणी गढूळ होतं, मासे काठाकडे आणि प्रवाहाच्या तोंडाशी येतात. भदभदाचे दरवाजे उघडले की बघ्यांची गर्दी होते आणि गर्दीत काठ्याही दिसतात. आमिष फुकट, मासा जवळ. मोह होणारच.

पण मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा बंदीचा काळ आहे. नदी-नाल्याशी संबंध नसलेले छोटे तलाव सोडले तर मासे पकडणं, विकणं, वाहून नेणं, तिन्ही बंद. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींसाठी समुद्रातली बंदी 1 जून ते 31 जुलै असते. त्यामुळे सिंधुदुर्ग किंवा कारवारहून आलेल्या पाहुण्याला वाटतं की ऑगस्ट लागला, आता मोकळं. भोपाळात तसं नाही.

बंदीमागचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. रोहू, कटला, मृगळ हे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाचं वाहतं पाणी लागतं. त्या दिवसांत काठाजवळ येणारी मादी पोटात लाखांनी अंडी घेऊन आलेली असते. तिला गळाला लावणं म्हणजे मुद्दल मोडून खाणं. पुढच्या वर्षी व्याज कुठून यायचं? तलावावर पोट असलेल्या मासेमारांना हा हिशेब आधी चटका देतो, हौशी माणसाला नंतर.

पाणी पिण्याचं आहे, हे विसरू नका

राजा भोजाच्या काळातला मोठा तलाव आजही शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा स्रोत आहे. लहान तलावासह तो 2002 पासून रामसर यादीत आहे. मासे एका जागी जमावेत म्हणून काही जण किलो-किलोने कणीक, पेंड, कोंबडीचा कचरा पाण्यात ओततात. गळावरच्या गोळ्याने काही बिघडत नाही, पण हे ढीग तळाला कुजतात आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. शेवटी ज्या माशांना बोलावलं तेच गुदमरतात. मूठभर चारा पुष्कळ झाला.

अरेरा कॉलनीला अगदी लागून असलेल्या शहापुरा तलावाची गोष्ट वेगळी. तिथे वस्त्यांचं सांडपाणी येऊन मिळत आलं आहे. घरापासून चालत जाण्याइतका जवळ असला तरी तिथला मासा ताटात नको.

दुसरी खबरदारी जिवंत आमिषाची. बाजारातून आणलेली पिल्लं उरली म्हणून तलावात सोडू नयेत. त्यांत थाई मांगूर असेल तर तो इतर मासे फस्त करतो. देशात त्याच्या पालनावर बंदी आहे ती उगाच नाही. महाशीर हा मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. चुकून गळाला लागलाच तर ओल्या हाताने धरून लगेच पाण्यात सोडावा.

थोडक्यात

- कटल्याला आमिष वर, रोहूला मधे-खाली, मृगळाला तळाला.
- मिशीवाल्या माशांना वासाचं मांसाहारी आमिष, मरळाला हालचाल.
- गोळा बादलीत दहा मिनिटं टिकला तरच तलावावर न्या.
- हिवाळ्यात गोळा लहान आणि गोड.
- तलावाचा पट्टा कोणाकडे आहे हे विचारून परवानगी घ्या. अनेक तलाव मच्छीमार सहकारी समित्यांकडे असतात.
- 16 जून ते 15 ऑगस्ट काठी घरीच.
- तुटलेली नायलॉनची दोरी आणि गळ काठावर टाकू नका, त्यात पक्षी आणि कासवं अडकतात.
- उरलेली कणीक पाण्यात न फेकता घरी आणा. गाईला चालते.