कोथिंबिरीआधीची शिबंदी

सुरळीच्या वड्यांवर फोडणी पडली की यूट्यूबवरच्या ताई हमखास म्हणतात, "आता छान गार्निश करून घेऊ." मूठभर ओलं खोबरं, चिमूटभर कोथिंबीर, झालं! आजीच्या पिढीचा शब्द 'पेरणे' होता, शेतातून थेट ताटात आलेला. 'गार्निश' मात्र आला किल्ल्यावरून.

जुन्या फ्रेंचमधलं 'गार्निर' म्हणजे सज्ज करणे. गड गार्निर करायचा तर शिबंदी चढवायची, दाणागोटा भरायचा, हत्यारं जमवायची. फ्रेंच लोक शिबंदीला आजही 'गार्निझाँ' म्हणतात. शब्दाचं मूळ जर्मानिक कुळातलं, सावध करणे या अर्थाचं. इंग्रजीतला 'वॉर्न' त्याचा भाऊबंद. अंगावरचं 'गार्मेंट'सुद्धा याच 'गार्निर'चं अपत्य.

सज्ज करण्यातून सजवणं आलं, पण लगेच नव्हे. जुन्या इंग्लंडात कथलाच्या मिश्रधातूच्या भांड्यांच्या पुऱ्या संचाला 'गार्निश' म्हणत: 12 परातवजा ताटं, 12 वाडगे, 12 बशा. ताटातल्या पदार्थाभोवतीची सजावट हा अर्थ रुळला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. फ्रेंच स्वयंपाकात तर जुना अर्थ अजून शाबूत आहे. आल्सास प्रांतातल्या 'शुक्रूत गार्नी'मधलं गार्नी म्हणजे सॉसेजेस आणि डुकराचं मांस. ते काढून घेतलं तर समोर उरते नुसती आंबवलेली कोबी! याला सजावट कोण म्हणेल?

सावध करण्याचा अर्थ वकिलांनी सांभाळला. धनकोच्या बाजूने हुकूमनामा झाला, ऋणको पैसे देत नाही, पण त्याची रक्कम बँकेत पडून आहे. अशा वेळी न्यायालय बँकेला बजावतं की हे पैसे त्याला देऊ नका, इकडे भरा. इथे बँक ठरते 'गार्निशी'. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 21 मधला नियम 46-अ हाच. तो 1976 च्या दुरुस्तीने आला. ही नोटीस हातात पडलेल्या माणसाला कोथिंबीर आठवत नसावी.

सर्वांत बेरकी अर्थ मात्र तुरुंगातला. इंग्लंडच्या तुरुंगांत नव्या कैद्याकडून उकळल्या जाणाऱ्या पैशाला 'गार्निश' म्हणत. जुने कैदीही तो मागत. तुरुंग सुधारक जॉन हॉवर्डने 1777 च्या आपल्या ग्रंथात ही रीत नोंदवली आहे: पैसे टाक, नाहीतर कपडे उतरव. गार्निश दिला नाही तर गार्मेंट जाणार, एकाच घरातली दोन भावंडं!

जॉन गेच्या 1728 च्या 'द बेगर्स ऑपेरा'त न्यूगेटचा तुरुंगाधिकारी दरोडेखोर मॅकहीथकडे हाच गार्निश मागतो आणि वर बेड्यांचा दरही सांगतो, एका गिनीपासून दहा गिनींपर्यंत; जितके पैसे जास्त, तितकी बेडी हलकी. याच नाटकावरून ब्रेख्तने 1928 मध्ये 'थ्रीपेनी ऑपेरा' रचला आणि त्यावरून पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' केला. 1978 मध्ये तो मराठी रंगभूमीवर आला.