फेसाळ टेकडीचे रंगकाम

मेजावर खेळावयाच्या युद्धखेळात चिमुकले सैनिक ज्या भूमीवरून चाल करतात, तिचे महत्त्व सैनिकांहून कमी नसते. टेकडी कोणाच्या ताब्यात आहे आणि नदीला उतार कोठे आहे, यांवर पुष्कळदा डावाचा निकाल ठरतो. प्रशियातील गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ याने १८१२ साली राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याला युद्धखेळाचे एक मेज सादर केले. त्यावरील भूप्रदेश प्लास्टरच्या चौकोनी तुकड्यांवर उठावाने घडविलेला होता. प्लास्टर वजनदार आणि ठिसूळ असते. म्हणून आजचे खेळगडी टेकड्या, कडे आणि तटबंदी बहुधा फेसाळ पॉलिस्टायरीनच्या करतात. त्याच्या दाणेदार प्रकाराला आपल्याकडे थर्माकोल म्हणतात.

हा पदार्थ कापावयास सोपा आणि वजनाने हलका असतो. परंतु त्याचे रंगकाम जपून करावे लागते. अनेक दिवस खपून कोरलेल्या टेकडीवर डब्यातील फवाऱ्याचा रंग मारावा आणि पाहता पाहता तिच्या पृष्ठभागाला खड्डे पडून कडे खचावेत, असे नवशिक्यांच्या बाबतीत नेहमी घडते. रंगाने टेकडी ‘खाल्ली’ असे म्हटले जाते. वस्तुतः तेथे कोणी काही खात नाही. जे घडते ते समजून घेतले, म्हणजे नुकसान टाळण्याचा मार्गही आपोआप सापडतो.

पॉलिस्टायरीन हे बहुवारिक आहे. म्हणजे स्टायरीनचे असंख्य लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन त्याच्या लांबच लांब साखळ्या बनलेल्या असतात. या साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधलेल्या नसतात. त्या केवळ दुर्बळ आकर्षणाने एकत्र राहतात. अनेक फवारा-रंगांत ॲसिटोन, टोल्यूइन यांसारखे विद्रावक असतात. त्यांचे रेणू साखळ्यांच्या मधे शिरतात आणि त्यांना एकमेकींपासून सुट्या करतात. त्यामुळे पदार्थ मऊ पडतो किंवा विरघळतो. पाण्याचे रेणू मात्र एकमेकांना घट्ट धरून असतात आणि या साखळ्यांशी त्यांचे जुळत नाही. म्हणून पाण्यात थर्माकोल कितीही काळ बुडवून ठेवला, तरी तो विरघळत नाही.

परंतु एवढ्याशा विद्रावकाने एवढी मोठी टेकडी कशी खचते? याचे उत्तर वजनात आहे. भरीव पॉलिस्टायरीनच्या एका घनमीटराचे वजन सुमारे १,०५० किलोग्रॅम भरते. तेवढ्याच आकारमानाच्या फेसाळ पॉलिस्टायरीनचे वजन २० किलोग्रॅम असेल, तर त्यात पदार्थ जेमतेम २ टक्के असतो. उरलेली ९८ टक्के हवा असते. पदार्थाच्या अतिशय पातळ भिंतींनी ही हवा कोंडून धरलेली असते. भिंती मऊ पडल्या की हवा निसटते आणि डोलारा बसतो. विद्रावक उडून गेल्यावर मागे कठीण गोळा उरतो, तो पॉलिस्टायरीनचाच. पदार्थ तोच राहिला, नाहीशी झाली ती रचना.

शाळेत हा प्रयोग सहज करता येतो. थर्माकोलच्या एका तुकड्यावर पाण्याचे व दुसऱ्यावर ॲसिटोनचे काही थेंब टाकावेत. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही असल्यामुळे प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास ज्योत नसताना करावा.

यावरून रंगकामाचा पहिला नियम निघतो : पहिला थर पाण्यात कालविलेल्या रंगाचाच असावा. याकरिता ॲक्रिलिक रंग सोयीचा पडतो. त्यात राळेचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना चिकटून त्यांचा सलग पापुद्रा बनतो आणि मग तो पाण्याने सहसा निघत नाही. या रंगात सुतारकामाचा पांढरा गोंद मिसळला, तर नाजूक पृष्ठभागावर बळकट कवच चढते. कवच चढविताना फटी आणि कडांच्या खालच्या बाजू विसरू नयेत. पुढे विद्रावकयुक्त फवारा वापरला आणि कवचात टाचणीच्या टोकाएवढे छिद्र राहिले असले, तरी विद्रावक तेथून आत शिरतो आणि वरून धड दिसणारी टेकडी आतून पोकळ होते. म्हणून फवारा मुळीच न वापरणे उत्तम.

यानंतरचे काम छायाप्रकाशाचे आहे. खऱ्या डोंगराच्या घळीत गडद सावली पडते. बोटभर खोल घळीत मात्र खोलीतील उजेड सर्व बाजूंनी शिरतो आणि सावली फिकी पडते. ती उणीव रंगाने भरून काढावी लागते. प्रथम सर्वत्र गडद तपकिरी रंग द्यावा. तो वाळल्यावर काळसर रंगाचे पातळ पाणी सोडावे. ते आपोआप खाचांत साचते. शेवटी कुंचला फिकट रंगात बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करावा आणि पृष्ठभागावरून हलकेच फिरवावा. रंग केवळ उंचवट्यांना लागतो आणि खडकाचा कंगोरा न् कंगोरा उठून दिसतो.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तापलेल्या तारेने हा पदार्थ कापताना निघणाऱ्या धुरात स्टायरीनची वाफ असते. ती श्वासावाटे जाणे अपायकारक असते. म्हणून हे काम हवेशीर जागीच करावे. कापताना पडणारे दाणेही गोळा करून ठेवावेत. हा पदार्थ मातीत लवकर कुजत नाही आणि वाऱ्यापाण्याबरोबर दूरवर पसरतो. ज्या गुणामुळे पाण्याचा रंग टेकडीला इजा करीत नाही, त्याच गुणामुळे तिचा कचराही पाण्यात वर्षानुवर्षे टिकून राहतो.